चपलेचा ब्रेक

राणीसावरगावच्या वरच्या अंगाला माळावर आठ-दहा घरांची वस्ती होती. तिथून गावात यायला एकच वाट, आणि त्या वाटेवर म्हसोबाचा उतार. सुटी खडी, मधूनच उघडा पडलेला खडक, आणि पायथ्याला म्हसोबाच्या शेंदरी दगडापाशी एकदम डावीकडे वळण. या उतारावरून रायभान रोज सकाळी सायकलवर वस्तीचे दूध गावात न्यायचा. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना दोन किटल्या, त्यांच्या तोंडांत गवताचे बोळे.

गुडघ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली तेव्हा त्याचे मेंढरांमागे हिंडणे सुटले. मेंढरे धाकट्या भावाने सांभाळली. चालताना गुडघे दुखत, पण पायडल मारताना दुखत नसत. त्यामुळे दुधाची ही फेरी तेवढी रायभानची उरली होती. ती गेली तर दिवसभर ओट्यावर बसायचे, याची त्याला धास्ती होती.

सायकल जुनी, काळी, उंच. ब्रेक केव्हाच निकामी झालेले. उतारावर रायभान उजवा पाय पुढे घ्यायचा आणि पुढच्या चाकावर, चाक धरणाऱ्या चिमट्याच्या मागे चपलेचा तळवा दाबायचा. टायरच्या तळाची चप्पल, खाली टायरचेच चाक. खडी वाजू लागली की दाब कमी, खडक आला की जास्त, आणि वळणाच्या तोंडाशी पाय अलगद वर. हे त्याला कुणी शिकवले नव्हते. त्याच्या उजव्या चपलेला मधोमध खाच पडलेली असे. देवळाबाहेर चपलांचा ढीग असला तरी त्याची चप्पल कुणीही ओळखायचे.

बायकोला, कासाबाईला, मात्र हे बघवत नसे.

"एक दिस तंगडं मोडून घेताव बघा," ती म्हणायची.

एकदा फारच मागे लागली, तेव्हा तो चिडून म्हसोबाला हात लावून म्हणाला, "ज्या दिशी दूध सांडंल त्या दिशी सायकल भिताडाला लावीन. मग तर झालं?"

पुढे कित्येक वर्षे दूध सांडले नाही.

मराठवाडा विद्यापीठाचे नामांतर झाले त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. दसऱ्याला त्याचा मुलगा उमाजी परभणीहून आला तो एसटीच्या टपावर गिअरची सायकल टाकून. तो तिकडे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. सायकलचे टायर जाड, त्यांना बोटाच्या पेराएवढे रबरी दाणे, मडगार्ड नाहीत, ब्रेक करकचून लागणारे. कॅरिअर नव्हते, ते गंगाखेडला बसवून घेतले.

फाट्यावर हॉटेल चालवणाऱ्या किशनरावाने सायकलभोवती एक चक्कर मारली. "रायभान, आता तुजं काय काम? हिच्यावर किटल्या बांधायच्या अन् हुसकून द्यायची. आपली आपण येती का न्हाई बघ!"

उमाजी म्हणाला, "आबा, आता तुमी लय भारी चालवताव बघा."

"सायकल भारी हाय," रायभान म्हणाला. "माजं बघू."

रिकाम्या किटल्या घेऊन तो त्याच सायकलवर वर निघाला. गिअर पाडला आणि सगळा चढ खाली न उतरता चढून गेला. जन्मात पहिल्यांदा. घरी येऊन त्याने हे कासाबाईला दोनदा सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरल्या किटल्या घेऊन तो उतरू लागला. वळण जवळ आले आणि उजवा पाय आपोआप पुढे गेला. जाड टायर आणि चिमटा यांत फट जेमतेम होती. दाण्यांनी चपलेचा अंगठा धरला, चप्पल आत ओढली, चाक जागीच अडले. रायभान एकीकडे, किटल्या दुसरीकडे. म्हसोबापुढची खडी पांढरी झाली.

कोपर सोलले, बाकी काही झाले नाही. उमाजी धावत आला. "आबा, ब्रेक हातात हुते की!"

"हातात हुते. पायाला ठावं नव्हतं."

हॉटेलात दिवसभर वाद रंगला. कुणी म्हणे सायकलच वाईट, कुणी म्हणे म्हातारा थकला. रायभानने घरी येऊन सायकल भिंतीला लावली. त्या दिवसापासून वस्तीतल्या बाया दूध डोक्यावरून नेऊ लागल्या, आणि रायभान ओट्यावर बसून सायकलचे दाणे काडीने साफ करू लागला. साफ करण्यासारखे काही उरले नाही तरी करी.

कासाबाईने हे काही दिवस पाहिले. मग एका सकाळी तिने दोन्ही किटल्या पाण्याने काठोकाठ भरल्या आणि बोळे लावले.

"उठा."

"बोललोय म्या म्हसोबाम्होरं."

"जुन्या सायकलीवर बोलले हुते. हिच्यावर तर तुमी नवीनच हायेत. म्या खाली उभी ऱ्हाते. पाणी सांडलं की म्याच लावते भिताडाला, मग नाव काढायचं न्हाई."

ती उतरून म्हसोबापाशी जाऊन उभी राहिली. वर रायभानने आपल्या पायांकडे पाहिले. मग दोन्ही चपला काढून हँडलला अडकवल्या आणि निघाला.

पहिल्यांदा ब्रेक जोरात दाबला, मागचे चाक घसरले. त्याने बोटे सैल केली. खडी वाजली, बोटे आणखी सैल. खडक आला, बोटे आवळली. आवाज तोच होता, फक्त आता तो ऐकून बोटे हलवायची होती. वळणाच्या तोंडाशी पाय पुन्हा उचलला गेला. उघड्या बोटांना दाणे चाटून गेले आणि पाय चटका बसल्यासारखा मागे आला. सायकल वळली, थांबली.

कासाबाईने दोन्ही बोळे काढून पाहिले. किटल्या बाहेरून कोरड्या होत्या.

"पाय उचलला हुता तुमी. म्या पाह्यलं."

"उचलला."

"अन् उद्या?"

"उद्या बी उचलंल. म्हणून तर अनवाणी आलो."

कासाबाईने बोळे परत लावले. "सकाळी दूध ह्यातच घालते मग," ती म्हणाली आणि चढ चढू लागली.

तेव्हापासून रायभान उतारावर येताना चपला हँडलला अडकवून येई. किशनरावाने एकदा विचारलेच, "काय रं, ह्या सायकलीनं तुला जास्तीचं काय यायला लागलं?"

रायभानने किटली उतरवता उतरवता विचार केला. "चढाला उतरावं लागत न्हाई," तो म्हणाला. "उतार मातर पुन्ना शिकावा लागला."

पुढच्या दिवाळीला उमाजीने त्याला नव्या चपला आणल्या. त्यांच्या तळव्याला खाच पडली नाही.