लिंगसुंडच्या खाडीतले तीन कॉड

तारल्डची राग्नी पहिल्यांदा संशोधनाच्या जहाजावर गेली तेव्हा इतकी ओकली, की तिथल्या शास्त्रज्ञांनी मासे मोजायचे सोडून तिच्याच उलट्या मोजल्या, असं आम्ही गावात कितीतरी वर्षं सांगत होतो. खरंखोटं देव जाणे. पण गोष्ट सांगितली की दुकानातली सगळी बाकं हसायची, आणि राग्नी स्वतः सगळ्यात मोठ्याने.

सतरा-अठरा वर्षांची असेल. शाळेला सुट्टी लागली की निघाली जहाजावर. पगार नाही, काही नाही. झोपायला एक फळी आणि जेवण. काम काय, तर समुद्राच्या तळाचा चिखल चाळणीवर धुवायचा, त्यातले किडे-शिंपले निवडायचे, मासा मापाच्या फळीवर आडवा करून त्याची लांबी ओरडून सांगायची. तारल्ड, म्हणजे तिचा बाप, माझ्याकडे येऊन कुरकुरायचा, "ओस्मुंड, घरी मासा साफ कर म्हटलं तर ही नाक मुरडते, आणि तिकडे लोकांचा चिखल फुकट धुते!" कुरकुरायचा खरा, पण तिला बंदरावर सोडायला स्वतःच जायचा, आणि तिच्या पिशवीत आपला जाड स्वेटर कोंबायचा.

पुढे ती शिकत गेली. सुट्टी आली की जहाज, जहाज आलं की उलट्या. शेवटी समुद्रातल्या जिवांची डॉक्टर होऊन गावात आली तेव्हा दुकानवाली बोर्गहिल्ड म्हातारी मोजा खाली करून पुढ्यात बसली, "बघ गं बाई, हा गुडघा." राग्नी म्हणाली, "आजी, तुम्हाला कल्ले असते तर नक्की सांगितलं असतं." बोर्गहिल्डने तिला वॉफल दिलं, पण वरचं तपकिरी चीज काढून घेतलं.

अशा गोष्टी मी संध्याकाळभर सांगू शकतो. पण राग्नीची गोष्ट सांगायची तर कॉड माशाची सांगावी लागते, आणि तिथे माझं हसणं अडतं.

आमचं लिंगसुंड उभं राहिलं ते कॉडवर. माझ्या तरुणपणी खाडीच्या तोंडाशी जाळं टाकलं की सकाळी ते ओढायला शेजाऱ्याला हाक मारावी लागायची. मग मासा कमी झाला. कोणी म्हणे पाणी गरम झालं, कोणी म्हणे सील खातात. पण मनातून जो तो दुसऱ्याच्या जाळ्याकडे बघायचा. एकेकाने होड्या विकल्या. शेवटी खाडीत जाळी टाकणारा एकटा तारल्ड उरला. त्यालाही मिळायचं ते खेकडे आणि काटेरी बारकी मासळी.

राग्नी मासे मोजणाऱ्या सरकारी कचेरीत लागली होती, आणि कचेरीने तिलाच ही खाडी मोजायला दिली. दर सप्टेंबरात ती यायची, आणि ठरलेल्या जागी संध्याकाळी पिंजऱ्यासारखी जाळी सोडून सकाळी उचलायची. कचेरीची बोट उथळात शिरत नाही, म्हणून होडी माझी आणि सुकाणूही माझंच. कॉड काही मिळायचा नाही. एक साल नाही, दुसरं साल नाही. मग वरून निरोप आला: या सप्टेंबरातही नाही मिळाला, तर वसंतापासून खाडीत जाळं टाकणं बंद.

"बाबांचं काय होईल ते होईल," ती होडीत मला म्हणाली. "पण काका, एक दिसू दे. या खाडीत जन्मलेला एकच. मग मी त्यांना सांगू शकेन, की मूळ अजून जिवंत आहे. नाहीतर मी इतकी वर्षं नुसती मढी मोजत आले."

त्या सकाळी पाणी आरशासारखं होतं. पहिलं जाळं उचललं, खेकडे. दुसरं, खेकडे आणि एक वाम. तिसऱ्याचा दोर तिने हातात घेतला आणि थबकली. "काका, जड आहे." मी म्हटलं, "शेवाळ असेल, पोरी." जाळं वर आलं. आत तीन कॉड! भरलेले, हातभर लांब, पांढऱ्या पोटाचे. ती किंचाळली. माझ्या दाढीचा मुका घेतला, रडली, नाचली, होडी उलटायचीच राहिली. मीसुद्धा ओरडलो असेन. कोण नाही ओरडणार?

मग तिने पहिला मासा फळीवर घेतला. लांबी सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. त्याच्या नाकावरून अंगठा फिरवला. नाक सोललेलं होतं, लालभडक. दुसऱ्याचंही तसंच. तिसऱ्याचं शेपूटही झिजलेलं.

आमच्याकडे पकडलेला कॉड सणापर्यंत जिवंत ठेवायचा तर भोकं पाडलेल्या लाकडी पेटीत घालून धक्क्याखाली पाण्यात सोडतात. आत तो फळ्यांवर नाक घासत राहतो. आता गावात तशी पेटी एकाचकडे उरली होती. कोणाकडे, ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी होडी धक्क्याकडे वळवली.

धक्क्यावर तारल्ड उभा. दाढी केलेली, रविवारचा स्वेटर, हातात कॉफीचा थर्मास.

"काय गं? मिळाला का?"

"मिळाले, बाबा. तीन."

"तीनच? अरे, मग चौथा कुठे..." आणि त्याने जीभ चावली.

मला हसू फुटलं, देवाशपथ फुटलं, आणि तिथेच विझलं.

"कुठनं आणलेत?" राग्नीने विचारलं. आवाज चढलेला नव्हता.

"पश्चिमेकडच्या एका बोटवाल्याकडून." तो थर्मासच्या झाकणाशी खेळत राहिला. "जाळ्यापायी नाही गं केलं. देवाची आण. जाळी काय, उद्या जाळून टाकीन. तू दर वर्षी रिकामी होडी घेऊन येतेस, आणि जेवताना एक शब्द बोलत नाहीस. म्हटलं, एकदा तरी तुला आनंद व्हावा."

"झाला ना, बाबा. होडीत झाला."

तारल्डने कॉफी ओतली, ती अर्धी बाहेर सांडली. मग हळूच म्हणाला, "तीन लिही की. कोणाला कळतंय?"

"शून्य लिहिणार," ती म्हणाली.

परक्या पाण्यातले मासे परत खाडीत सोडायला मनाई. संध्याकाळी तारल्डच्या घरी ते शिजवले, बटाटे आणि काळजासकट, जुन्या रीतीने. मीही होतो जेवायला. मासा उत्तम होता, हेच वाईट. घट्ट, गोड, पापुद्रे सुटणारा. आमच्या खाडीतला असायचा तसाच. तारल्डने नुसते बटाटे खाल्ले. राग्नी सगळं जेवली. जरा हसू यावं म्हणून मी तिच्या पहिल्या जहाजाची, उलट्यांची गोष्ट काढली. माझी गोष्ट कधी पडली नव्हती. त्या दिवशी पडली.

वसंतात खाडी बंद झाली. तारल्डने जाळी जाळली नाहीत. होडीघरात टांगली आहेत, आणि तो तिकडे फिरकत नाही. राग्नीचं काम मात्र बंद होत नाही. जाळ्यांना बंदी आहे, मोजायला नाही. ते मासे खाल्ले त्या रात्री भांडी विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करूनच तिने विचारलं, "काका, पुढच्या सप्टेंबरात याल ना होडी घेऊन?"

मी म्हटलं, येईन. दुसरं काय म्हणणार? दर वर्षी जातो. ती जाळं उचलते, मी बघतो, ती शून्य म्हणते. आता मोठ्याने म्हणत नाही.