दिसेल ते लिहा

पाहणीताईंना एक चांगलं तीन अक्षरी नाव होतं, पण ते मदत केंद्राच्या हजेरीपुस्तकात पडून असे. बाहेर सगळ्यांच्या तोंडी पाहणीताईच. ज्या घरांनी मदतीचा अर्ज केला त्या घरी जायचं, आत काय आहे ते बघायचं आणि फॉर्मवर खुणा करायच्या, हे त्यांचं अकरा वर्षांचं काम. बाईच्या पायाला भिंगरी. एक जिना चढताना डोक्यात पुढचा जिना. घरात शिरलं की दारापासून मोरीपर्यंत नजर, खुणा, सही, चालू पडा. पाणी दिलं तर तेही उभ्यानेच. त्यांचा नवरा सांगायचा, "आमच्याकडेसुद्धा ही पाहणीलाच येते."

फॉर्मवर चार चौकोन होते: खुर्ची, टीव्ही, पंखा, कपाट. दोन चौकोनांत खूण पडली की ते घर गरजू नाही, अर्ज नामंजूर. आणि वर ठळक अक्षरांत सूचना: दिसेल ते लिहा, ऐकाल ते नको. कारण पूर्वी प्रत्येक जण म्हणायचा, टीव्ही शेजाऱ्याचा आहे. केंद्राला वाटलं, जगात इतके शेजारी असूच शकत नाहीत.

पाहणीला माणूस येणार म्हटल्यावर लोक सामान लपवतात, असा समज आहे. लपवणारे असतातच. पण त्या तीन मजली इमारतीत उलटी गंगा वाहत होती. केंद्राकडून आदल्या दिवशी चिठ्ठी यायची, की उद्या पाहणी. चिठ्ठी आली की घराघरांत एकच धांदल: बाहेरचं माणूस घरी येणार आणि त्याला बसायला काही नाही, ही काय शोभा? मग यांची खुर्ची, त्यांचा पडदा, तिसऱ्याच्या कपबश्या. मदत मागायची, पण मागणारा दिसायचं नाही, अशी एकेकाची तऱ्हा. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात; तिथल्या लोकांनी तेही आणून दाखवलं होतं.

पाहणीताईंना याचा पत्ता अकरा वर्षं नव्हता, कारण दरवर्षी त्या इमारतीत दिवसाला एकच घर करायच्या. यंदा केंद्राने मुदत आखडली आणि सगळी घरं एका दिवसात गळ्यात टाकली. सकाळी पहिल्या मजल्यावर त्यांनी एक लाल प्लास्टिकची खुर्ची पाहिली, डावा हात तारेचे तीन पीळ देऊन बांधलेला. दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे तशीच खुर्ची. त्यांनी मनात म्हटलं, खुर्च्या काय, एका साच्यातल्याच. दोन्ही घरांत खुर्चीशिवाय दुसरी खूण नव्हती, म्हणून काही बिघडलं नाही. तीन वाजता तिसऱ्या मजल्यावर इस्त्रीवालीच्या खोलीत शिरल्या, तर समोर खुर्ची. तारेला तेच तीन पीळ. शेजारी स्टुलावर टीव्ही. छताला पंखा.

पंखा तिचाच होता. दिवसभर इस्त्रीच्या वाफेत उभ्या राहणाऱ्या बाईला तेवढा हवाच. पण पंखा एक, टीव्ही दोन, खुर्ची तीन.

इस्त्रीवालीला दोन मुली. नवरा तीन वर्षांपूर्वी काम शोधायला गेला तो अजून शोधतोच आहे. मंजूर घरांतल्या मुलांची फी केंद्र भरायचं आणि आठवड्याला किराण्याचा एक खोका द्यायचं. अर्ज नामंजूर झाला तर थोरलीची शाळा बंद, आणि ती आईशेजारी दुसरी इस्त्री धरून उभी राहणार, हे पाहणीताईंना फॉर्म न वाचताही कळत होतं. यादी पाच वाजता बंद व्हायची.

त्यांनी पेन उघडलं. बंद केलं. "हे सामान तुझं नाही ना," असं विचारायची सोय नव्हती. विचारून उपयोगही नव्हता, कारण ऐकाल ते नको. खोटं लिहायचं, तर अकरा वर्षांत एक खूण खोटी केली नव्हती, आणि ती सवय त्यांना सुटेना. फॉर्मच्या तळाशी एक ओळ होती, जिच्याकडे त्यांनी कधी लक्ष दिलं नव्हतं: सही होईपर्यंत पाहणी चालू समजावी.

पाहणीताईंनी पदर खोचला आणि खुर्चीत बसल्या.

इस्त्रीवाली घाबरली. ही बाई बसते म्हणजे काहीतरी गडबड आहे. तिने चहा केला, शेजारच्या टेलरकाकूच्या कपबशीतून दिला. चहा संपला. ताई बसलेल्याच. उकाड्यावर बोलून झालं, जिन्यातल्या बंद दिव्यावर बोलून झालं. इस्त्रीवालीची नजर सारखी मोरीकडे जात होती. तिथे गिऱ्हाइकांचे चाळीस कपडे चादरीखाली कोंबलेले होते आणि साडेपाचला द्यायचे होते. इस्त्रीच्या फळीवर टेबलक्लॉथ घालून वर फुलदाणी ठेवली होती. फुलदाणी उचलल्याशिवाय इस्त्री लागणार नाही, आणि ताई उठल्याशिवाय फुलदाणी उचलता येणार नाही. दोघीही मनातून उभ्याच होत्या. एकीला पळायचं होतं, दुसरीला पळवायचं होतं.

"ताई, अजून कुठली घरं राहिली असतील तुमची," इस्त्रीवाली म्हणाली.

"तुझंच शेवटचं," पाहणीताई म्हणाल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार. घड्याळाचा चौकोन फॉर्मवर नव्हता, हे नशीब.

चारला टेलरकाकू आल्या. त्यांच्याकडे धाकटा दीर आला होता. त्या दारात उभ्या राहून बराच वेळ हवापाण्याचं बोलल्या आणि शेवटी, जरा धुवायच्या होत्या, असं पुटपुटत स्वतःच्याच घरच्या चोरासारख्या कपबश्या घेऊन गेल्या. इस्त्रीवालीने भिंतीकडे तोंड केलं.

सव्वाचारला गच्चीवरच्या खोलीतला ड्रायव्हर झोपेतून उठून आला. रात्रपाळी करणारा माणूस, त्याला सामना बघायचा होता. पाहणीताईंना पाहून तो उंबऱ्यात अडकला. मग म्हणाला, टीव्हीला मुंग्या येतात असं वहिनींनी सांगितलं होतं, दुरुस्तीला नेतो. "बराच बिघडलाय का?" ताईंनी विचारलं. "फारच," ड्रायव्हर म्हणाला आणि वायर गळ्यात घालून पसार झाला. पाच मिनिटांत वरून सामन्याचा आरडाओरडा ऐकू आला. दुरुस्ती झटपट झाली होती.

आता उरली खुर्ची, आणि तिच्यावर त्या स्वतः.

साडेचार झाले. पाहणीताईंच्या पायांत मुंग्या. केंद्र वीस मिनिटांवर. खुर्चीचा मालक कोण, हे त्यांना कळेना. नुसतं उठून चालणार नव्हतं. खुर्ची दिसत होती. जीव टांगणीला लागलेला असताना गॅलरीत गेटवाले काका दिसले, गणवेशात, डबा हातात. आले, गेले, परत आले. चौथ्या फेरीला ताईंच्या डोक्यात उजेड पडला. काकांची पाळी पाचला सुरू व्हायची, आणि गेटवर ते ज्या खुर्चीत बसायचे ती हीच. आता ते तिसऱ्या मजल्यावर उभे होते, डबा या हातातून त्या हातात करत.

पाहणीताई उठल्या आणि सरळ खाली चटईवर बसल्या.

काकांनी इस्त्रीवालीकडे बघितलं नाही, ताईंकडे बघितलं नाही. खुर्ची उचलली आणि डोक्यावर धरून जिना उतरले.

खोलीत एकदम जागा झाली. इस्त्रीवाली उभीच होती. पितळ उघडं पडलेल्या माणसाला आधी लाज येते आणि मग राग. तिला दोन्ही एकदमच आले.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं," ती म्हणाली.

"मला दिसत होतं तेवढं मी बघत होते."

"बसून तमाशा बघितलात."

पाहणीताईंनी फॉर्म गुडघ्यावर घेतला. एका चौकोनात खूण केली, पंखा. बाकीचे कोरे. शेरा लिहिला: घरात बसायला काही नाही. आणि पेनासकट फॉर्म पुढे केला.

इस्त्रीवालीने वाचला आणि पेन खाली ठेवलं. "हे खोटं आहे. चटई आहे."

"चटईचा चौकोन नाहीये."

"नसू दे. माझ्या घरी आलेलं माणूस चटईवर बसतं. तुम्ही बसलायत की नाही आत्ता? तेच लिहा. नाहीतर मी सही करत नाही."

पावणेपाचला चार मिनिटं कमी होती. पाहणीताईंनी शेरा खोडला, वर लिहिलं: बसायला चटई आहे, स्वच्छ आहे. 'स्वच्छ' हा शब्द त्यांनी आपणहून घातला. इस्त्रीवालीने तो दोनदा वाचला आणि सही केली.

"आणि जाताना टेलरकाकूंना सांगून जा," ती फुलदाणी उचलत म्हणाली, "की मी तुम्हाला जमिनीवर बसवलं नाही. तुम्ही आपल्या मर्जीने बसलात."

पाहणीताईंनी सांगितलं. धावता धावता टेलरकाकूंना सांगितलं, त्यांच्या दिराला सांगितलं, खाली खुर्चीत बसलेल्या काकांना तर न विचारता सांगितलं. काकांनी उठून सलाम ठोकला.

केंद्रात कारकून टेबलाला कुलूप लावत होता. त्याने फॉर्म घेतला, खुणा मोजल्या, एक, आणि चटईपाशी थांबला.

"हे काय?"

"दिसलं ते लिहिलं."

त्याने खांदे उडवले, शिक्का मारला आणि फॉर्म मंजूरच्या गठ्ठ्यावर टाकला. पाहणीताईंनी सुटकेचा श्वास घ्यायला हवा होता. पण पळत येताना त्यांच्या डोक्यात गेल्या वर्षांचे फॉर्म उलगडायला लागले होते. त्याच इमारतीतली तळमजल्यावरची भाजीवाली, दोन खुणा. तिच्या शेजारची शिवणकाम करणारी मुलगी, दोन खुणा. दोन्हीत खुर्ची. रंग आठवत नव्हता, कारण रंगाचा चौकोन नव्हता.

"नामंजूर अर्जांच्या फायली कुठे असतात?"

"माळ्यावर. किती वर्षांच्या हव्यात?"

"सगळ्या."

कारकून हसला, मग त्यांचा चेहरा बघून थांबला. आता नाही, उद्या, असं म्हणाला.

"उद्या किती वाजता उघडता?"

"दहाला."

"आठला उघडा," पाहणीताई म्हणाल्या आणि दारातच उभ्या राहिल्या, तो हो म्हणेपर्यंत.