डावीकडची सही

“शिपायाचीच मुलगी ना, म्हणून सरकारी ऑफिस मस्त लिहिते. रक्तातच आहे!”

आमच्या टीमचे प्रमुख कौस्तुभ सर म्हणाले आणि मीटिंगच्या काचेच्या खोलीतले सगळे हसले. माझं आडनाव त्यांनी पहिल्याच दिवशी दोनदा विचारून घेतलं होतं. मग माझ्याकडे न बघता, “चार कॉफी आण ना जरा.”

मी आणल्या. ट्रे घेऊन. त्याची लाज अजून वाटते.

अंधेरीतली गेम बनवणारी कंपनी. मी तिथे लेखिका. गेममधल्या चीनमध्ये बादशाही कधी संपलीच नाही, आजही बादशहाच राज्य करतो आणि त्याच्या गृहमंत्रालयाच्या मुठीत सगळा देश आहे. एका शिंपिणीला दुसऱ्या शहरातल्या आजारी आईकडे जायचंय. त्याचा परवाना हवा. तिची फाईल टेबलाटेबलावरून वर न्यायची, एवढाच खेळ. पण ते मंत्रालय सगळं माझं. प्रत्येक टेबल, प्रत्येक शिक्का, प्रत्येक खडूस कारकून.

चीन मी कुठे बघितलाय? पण माझ्या बाबांनी जन्मभर सरकारी कचेरीत फायली वाहिल्या. घाटकोपरच्या डोंगरावरच्या आमच्या खोलीत, कोमट पाण्यात पाय सोडून ते सांगायचे, “साहेबाची सही उजवीकडे. पण टिपणी लिहिणाऱ्या कारकुनाची खाली, डावीकडे. ती नसेल तर फाईल परत. साहेब कितीही मोठा असू दे.”

तो नियम मी गेममध्ये घातला. प्रत्येक कागदाच्या डाव्या कोपऱ्यात बारीकशी सही, ती नसेल तर फाईल परत. बाबांना आयुष्यात एकाही फायलीवर सही करायला मिळाली नाही. म्हणून मी त्यांचीच सही जशीच्या तशी घेतली.

मग श्रेयनामावली आली. मंत्रालयाची कल्पना, लेखन: कौस्तुभ. माझं नाव कुठेच नाही. विचारलं तर म्हणाले, “अगं, मदत केलीस ना, नाही कोण म्हणतंय? पण नावाला वजन लागतं.”

त्याच आठवड्यात त्यांनी चित्रकाराला सांगितलं, “तो कोपऱ्यातला किडा काढून टाक. घाण दिसतोय.” सगळ्या कागदांवरून सही पुसली, नियम मात्र गेममध्ये तसाच राहिला. आता काय होणार हे मला तिथेच कळलं. मी गप्प बसले. मुद्दाम.

गेम विकत घ्यायचा का ते बघायला परदेशी पाहुणे आले. तीच काचेची खोली. सर स्वतः खेळायला बसले. पहिली फाईल परत. दुसरी परत. उजवीकडे मंत्र्याचा एवढा मोठा शिक्का, तरी परत! सरांच्या कपाळावर घाम. खोटं कशाला बोलू, मला जाम मजा आली. पुरती वाट लागली होती त्यांची.

“अगं, बघ ना काय झालंय!”

मी उभी राहिले. “डावीकडची सही नाहीये. तुम्ही पुसलीत. माझ्या बापाची होती ती.” हेच पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं.

“बरं बरं, लाव परत. नंतर बोलू.”

“आधी माझं नाव. आत्ता, यांच्यासमोर.”

सर हसले. मी बॅग उचलली आणि निघाले. कॉफीचे कप तसेच टेबलावर होते.

बाबा म्हणतात, “जाऊ दे गं, साहेबलोकांशी वैर कशाला?” नाही बाबा. तुम्ही आयुष्यभर जाऊ दिलंत, मी नाही देणार.

सरांचे फोन येतात. मी उचलत नाही. नियमच काढला तर त्यांच्या मंत्रालयात खेळण्यासारखं काही उरत नाही. सही परत लावली तर ती कुणाची, हे बाबांच्या पेन्शनच्या प्रत्येक कागदावर आहे. मंत्रालय माझंच, याचा पुरावा म्हणून त्या कागदांच्या प्रती एका वकीलबाईंकडे दिल्यात. माफी मला नकोच आहे. त्याच खोलीत, त्याच लोकांसमोर, त्यांनी स्वतःच्या हाताने माझं नाव लिहायचं, आडनावासकट. मी समोर बसून बघणार आहे, आणि त्या दिवशी कॉफी ते आणतील.