कुठं धरू?

शिट्टीबाई कुणालाही हात लावण्याआधी विचारत. मराठी माणसाला, "कुठं धरू?" आणि गुजराती माणसाला, "क्यांथी पकडुं?" उत्तर मिळेपर्यंत त्यांचे हात स्वतःच्याच कमरेवर असत. आता त्या पुण्याला भाचीकडे राहतात, त्यांची शिट्टी माझ्या गळ्यात असते आणि तो प्रश्नही माझ्याकडेच आला आहे.

बाई मुलींच्या शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या. पणजोबा बडोदा संस्थानच्या फौजेत होते, हे त्या ओळख झाल्यावर पाच मिनिटांत सांगत. महिन्यातून एका रविवारी त्या बडोद्यातल्या अपंग माजी सैनिकांना गाडीने चांदोदला नेत आणि नर्मदेत नावेतून फिरवून आणत. कुणाचा पाय सुरुंगात गेलेला, कुणाला कमरेखाली काहीच जाणवत नसे. घाटाला पायऱ्या फार, म्हणून उचलायला माणसं लागत. त्यांतला मी एक. शहरातल्याच मांजलपूर भागातला, बँकेतला, पोट सुटलेला.

पहिल्याच दिवशी मी आगाऊपणा केला. एक पाय गमावलेले हवालदार रावजीभाई गाडीतून उतरत होते. मी मागून त्यांच्या काखेत हात घातले आणि उचललं. त्यांच्या खांद्यात जुनी जखम होती, हे मला कुठं ठाऊक? ते कळवळले, पण शिवी गिळली. बाईंनी शिट्टी वाजवली. वाटलं, आता झापतील. त्यांनी मला खाली बसवलं, माझे हात माझ्याच रुमालाने बांधले आणि दोघांना सांगितलं, याला काहीही न विचारता दहा पायऱ्या खाली न्या. एकाचं कोपर बरगडीत, दुसऱ्याची मूठ पँटच्या पट्ट्यात, असा मी पोत्यासारखा गेलो. खाली टेकवल्यावर बाई म्हणाल्या, "कळलं? माणूस आहे, सोफा नाही."

त्या स्वतः मात्र नावेत कधी बसल्या नाहीत. नाववाल्याने सांगितलेल्या आकड्यापेक्षा एक माणूसही त्या जास्त चढू देत नसत आणि यादीतून पहिलं नाव स्वतःचं कापत. एक माणूस काठावर हवा, एवढंच कारण सांगत. लाइफ जॅकेटचा पट्टा मात्र प्रत्येकाचा ओढून बघत. आपल्याला पोहता येतं असं म्हणणाऱ्या एका सुभेदारांना त्यांनी सगळ्यांदेखत पट्टा पुन्हा बांधायला लावला होता. मग पांढरी टोपी घालून, नाव परत येईपर्यंत, घाटावर उभ्या. नावेत गेल्यावर माणसं बदलत. घरी आठ-आठ दिवस न बोलणारे गृहस्थ पाण्यात हात घालून एकमेकांवर उडवत. रावजीभाई म्हणत, नावेत सगळेच बसलेले असतात, त्यामुळे कोण अपंग ते कळत नाही.

मग बाई न्हाणीघरात पडल्या. खुबा मोडला. ऑपरेशन नीट झालं, डॉक्टरांनी बाहेर पडायला परवानगी दिली, पण घर तिसऱ्या मजल्यावर आणि सोसायटीला लिफ्ट नाही. आम्ही खुर्चीतून खाली नेतो म्हणालो.

"मला कुणी उचलायचं नाही," त्या म्हणाल्या. "आणि मला कुणाला उचलता येत नाही, तर घाटावर माझं काय काम?"

शिट्टी खिळ्याला टांगलेली होती. दर फेरीनंतर मी जाऊन वृत्तांत सांगे. त्या ऐकत, पण नजर बंद टीव्हीवर. तीन महिने असे गेले. ही बाई आता या खोलीतच राहणार, अशी मला धास्ती बसली. एकदा गाडीत मी ती रावजीभाईंजवळ बोलून दाखवली.

पुढच्या फेरीच्या रविवारी सकाळी ते माझ्याबरोबर बाईंच्या सोसायटीत आले. एक पाय, दोन कुबड्या, तीन मजले. मध्येच पायरीवर बसत, घाम पुसत, पुन्हा उठत. मी हात पुढे केला नाही, कारण त्यांनी मागितला नव्हता. वर पोचल्यावर त्यांनी कुबड्या भिंतीला टेकवल्या, बाईंच्या खुर्चीसमोर स्टुलावर बसले आणि श्वास जुळल्यावर हळूच विचारलं, "बेन, क्यांथी पकडुं?"

बाईंनी आधी भिंतीच्या कुबड्यांकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. मी फरशीकडे बघत होतो.

"डावीकडून, काखेत," त्या म्हणाल्या. "उजव्या मांडीला हात लागता कामा नये." मग मला म्हणाल्या, "तू खुर्ची पायाकडून धर. पोट आत घे."

रावजीभाईंनी बसल्या जागेवरून त्यांना खुर्चीत नीट सावरलं आणि खाली गाडीपाशी थांबलेल्या दोघांनी वर येऊन खुर्ची पाठीकडून धरली. जिना उतरताना मला दम लागला होता आणि मी हसत होतो. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

चांदोदला बाईंना नावेत बसवलं, रावजीभाईंच्या शेजारी. बाईंच्या जॅकेटचा पट्टा मी दोनदा ओढून बघितला. आकडा भरला होता, म्हणून मी काठावर थांबलो. बाईंची पांढरी टोपी लांब जाताना पाहिली, आणि ती परत येईपर्यंत बाई इतकी वर्षं इथं उभ्या राहून काय करत असतील, ते मला कळलं. मी माणसं मोजत होतो.

नाव परत येऊन घाटाला टेकली. मी गुडघाभर पाण्यात उतरलो आणि विचारलं, "बाई, कुठं धरू?"

"कुठंच नको," त्या म्हणाल्या. "अजून एक फेरी मारू."