डोळे बांधून ओळखेन

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि जाहिरातीत झळकलेला पहिला माणूसही मीच. यातली पहिली गोष्ट मी लोकांना सांगतो. दुसरी लोक मला सांगतात.

याला कारण दिगू मांजरे. हा नट तुम्हाला ठाऊक नसेल तर आमच्या आईसमोर तसं बोलू नका, पुढ्यातला चहा उचलून नेईल! दिगू विनोद करतो, गातो, लुगडं नेसून सासू होतो आणि मनात आलं तर एका वाक्यात रडवतोही. आईने उरणच्या बाजारात मासळी विकून माझी बी.कॉम.ची फी भरली. (हे मी दर दहा मिनिटांनी सांगतो, असं माझी बायको सुवर्णा म्हणते. साफ खोटं! अर्ध्या तासाने सांगतो.) तर दिवसभर गिऱ्हाइकांशी भांडून आलेली आई टीव्हीवर दिगू दिसला की पदर तोंडाला लावून हसायची. तो तिचा थोरला, मी धाकटा.

पुढे दिगू जाहिराती करू लागला. सकाळी गुडघ्याचं तेल, दुपारी सिमेंट, रात्री कर्ज. म्हणजे कर्ज काढून घर बांधा आणि जिने चढून गुडघे दुखले की तेल लावा! आमच्या करंजाड्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर यावरून दोन तट पडले. "कलाकाराला पोट नसतं का?" असं एका बाजूचं म्हणणं. दुसऱ्या बाजूला मी होतो. एकटाच, पण पदवीधर! जेवताना डाव्या हातात मोबाइल धरून मी लांबलचक मजकूर टाकायचो. "पैसे घेऊन खोटं बोलणाऱ्याला कलावंत म्हणावं का?" हा त्यातला सौम्य.

"अहो, जेवा आधी," सुवर्णा म्हणायची.

"समाज झोपलाय, सुवर्णा!"

"समाज जेवून झोपलाय. तुमचंच राहिलंय."

मग एके दिवशी दिगू त्रिकोणी रुमाल नेसून, हातात वल्हं घेऊन टीव्हीवर आला आणि 'अस्सल आगरी-कोळी मसाला' नावाचं पाकीट विकू लागला. माझं डोकंच फिरलं. आमची आई दर उन्हाळ्यात मिरच्या वाळवते, खडा मसाला भाजते, डंकावर जातीने उभी राहून कुटून आणते. जासईच्या मावशीपासून निम्म्या नातेवाइकांच्या बरण्या तिच्या मसाल्याने भरतात. आईचं नाव कुठल्या कागदावर नसेल, पण प्रत्येकाच्या कालवणात आहे. मी तिथल्या तिथे ग्रुपवर लिहिलं, "ज्याने कधी मिरचीचं देठ खुडलं नाही, तो आम्हाला मसाला शिकवणार? माझ्या आईचा मसाला मी डोळे बांधून ओळखेन!"

समोरच्या फ्लॅटमधल्या कुलकर्णी काकांनी (बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना दुसरं कामच नाही) त्यावर नुसता अंगठा दाखवला. मला वाटलं, पटलं.

पंधरवड्याने ते पेढे वाटायला आल्यासारखा चेहरा करून दारात उभे. पनवेलच्या महोत्सवात त्या मसालेवाल्यांची स्पर्धा होती. घरचा मसाला आणि पाकिटातला मसाला, दोन्हीचं सारखंच कोलंबीचं कालवण. घरच्या माणसाने डोळे बांधून आपला मसाला ओळखायचा. पाहुणा दिगू मांजरे. "मी तुमचं नाव देऊन आलो," काका म्हणाले. "तुम्ही स्वतःच लिहिलं होतं ना?"

मी 'वेळ नाही' म्हणायला तोंड उघडलं, पण आईचा चेहरा पाहिला आणि मिटलं.

"म्हंजे दिगू माझ्या हातचा मसाला खानार?" तिने विचारलं, आणि बरणी काढायला आत पळाली. गुडघ्याला तेल न लावता!

महोत्सवात ही गर्दी! जासईची मावशी चार बायका घेऊन आलेली. आई ठेवणीतलं लुगडं नेसून, गजरा माळून पहिल्या रांगेत. दिगूने स्टेजवर येऊन तिच्या मसाल्याचं कालवण ओरपलं, डोळे पुसले आणि म्हणाला, "माउली, हे विकत मिळत असतं तर माझी जाहिरात कोण बघतंय?" आई लाजून मावशीच्या खांद्याआड गेली. कंपनीचे साहेब कसनुसे हसले.

खरं तर इथेच कार्यक्रम संपायला हवा होता. पण मी बाकी होतो.

माईक हातात येताच मी दिगूला टाकून बोललो, "तुम्ही स्वतः घरी हे पाकीट वापरता का?"

"साहेब, बायको मला स्वयंपाकघरात येऊ देत नाही. चहासुद्धा मी जाहिरातीतच करतो."

सगळे हसले. मी नाही हसलो. मी तत्त्वासाठी आलो होतो.

माझे डोळे बांधले. पहिल्या वाटीतला घोट घेतला. "हॅ! हा कारखान्यातला. नुसता झणझणीत. यात माया नाही!"

मैदान शांत झालं. मला वाटलं, लोक भारावले.

दुसरा घोट घेतला आणि काय सांगू, मी वाटीलाच नमस्कार केला! "हा! हा माझ्या आईचा हात! याच चवीवर मी वाढलो. याच हातांनी टोपली उचलली, माझी बी.कॉम.ची फी..." (अर्धा तास होऊन गेला होता.)

दिगू माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "साहेब, घाई नाही. पुन्हा एकदा चाखा."

"पदवीधर माणूस दोनदा चाखत नाही!" मी माईकवर गरजलो.

पट्टी सोडली. दुसऱ्या वाटीमागे पाकीट उभं होतं. पहिल्या वाटीमागे आईची बरणी. विनोद करायची एवढी मोठी संधी समोर उभी असताना दिगू मांजरे, ज्याला हसवण्याचे पैसे मिळतात, तो मान खाली घालून गप्प उभा राहिला. त्याने एखादा टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात आई स्टेजवर आली. माईक कसा धरायचा ते तिला ठाऊक नव्हतं. तिने तो मासळीसारखा शेपटीकडून धरला. "पोरगा चुकला नाय," ती म्हणाली. "माझा हात दुखतो, म्हनून आमच्या घरी ह्योच पाकिटातला मसाला हाय. आमी त्याला सांगितला नवता."

टाळ्यांचा कडकडाट! कंपनीचे साहेब नाचायचे बाकी राहिले.

रिक्षात माझा जीव भांड्यात पडला. "बघा! म्हणजे मी बरोबरच होतो!"

सुवर्णा नुसतं म्हणाली, "घरी जाऊन डबे बघा."

बघितले. सगळ्या डब्यांत आईचाच मसाला. पाकीट एकही नाही.

"आई! मग तू तिथे खोटं..."

"मंग काय करू? येवड्या मानसांत तुझा तोंड उतरला व्हता."

"पण मला कळलं कसं नाही? रोज खातो मी!"

"तू जेवतोस कदी?" आई म्हणाली. "तू तं लिवतोस."

चार दिवसांनी मावशीचा फोन आला. यंदा मसाला नको म्हणाली. तूच पाकिटातला वापरतेस तर आमी कशाला थांबायचा? आई "बरा, बरा" म्हणाली, फोन ठेवला आणि मिरच्यांचं वाळवण पाहायला गच्चीवर गेली. बराच वेळ खाली आली नाही. पैसे घेऊन खोटं बोलणाऱ्यांवर मी महिनाभर लिहीत होतो; माझी आई माझ्यासाठी फुकट खोटं बोलली, आणि त्यात तिचं नाव गेलं.

मी मावशीला फोन लावला. "मावशे, आई खोटं बोलली. घरात पाकीट नाही. मीच... मलाच आईचा मसाला ओळखता आला नाही."

मावशी इतकी हसली की फोन कुणा शेजारणीने घेतला. तीही हसली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या जासईला कळलं, आणि रात्री सगळ्या बरण्यांची मागणी परत आली. दोन जास्तच!

मग करंजाड्याच्या वळणावर ते भलंमोठं होर्डिंग लागलं. मधे दिगू, उजवीकडे आई, डावीकडे डोळ्यांना पट्टी आणि आ वासलेला मी. मी तणतणत घरी आलो. कळलं की परवानगी आईनेच दिली होती!

"का दिलीस?"

"दिगूच्या बाजूला फोटू हाय माझा! आनि तू कशाला लाजतोस? तुझे तं डोले बांधलेत. कोन वलखतं?"

दुसऱ्या दिवशी दूधवाला म्हणाला, "काय साहेब, माया आहे का दुधात?" रिक्षावाला हसला. कुलकर्णी काकांनी अंगठा दाखवला. डोळे बांधून मला आईचा मसाला ओळखता आला नाही. पण डोळे बांधलेल्या मला मात्र अख्खं करंजाडे ओळखतं.