बारीक नळीचा बास

आबांचा फोन आला तेव्हा मी बारामतीत चष्म्याच्या दुकानात बसलो होतो, एक डोळा झाकून भिंतीवरची अक्षरं वाचत. आबा म्हणजे आमच्या इंदापूरच्या बँडचे मालक. एरवी फोनवर ते आधी शिवी हासडतात आणि मग रामराम करतात. त्या दिवशी दोन्हींतलं काहीच नाही. म्हणाले, "गुरुजी, आपला दिनकर गेला. सकाळी च्या पीत हुता. कप खाली ठिवला आन् तसाच कलंडला." आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अहो, पण परवा डाळजची वरात आहे!" पलीकडून आबा नुसतं "व्हय" म्हणाले. मेलेल्या माणसावर रागवायची माझी ही पहिलीच वेळ. दुकानदाराने डोळ्यापुढची काच बदलली आणि विचारलं, आता दिसतंय का? मी हो म्हणालो आणि उठून बाहेर आलो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, आता निवृत्त. क्लॅरिनेट हा माझा जोडधंदा म्हणा, नाहीतर व्यसन म्हणा. लग्नसराईत रविवारी लाल कोट घालून वरातीत उभा राहायचो आणि सोमवारी वर्गात पोरं माझ्याकडे बघून दात काढायची. दिनकर माझ्या मागच्या रांगेत, बास ट्रॉम्बोनवर. ज्यांनी तो बाजा नीट पाहिला नसेल त्यांना सांगतो. पुढे भोंगा, हातात पुढेमागे सरकणारी लांब पितळी नळी. त्या नळीला स्लाइड म्हणतात, ती सरकवून सूर धरायचा. बास म्हणजे त्यातला सगळ्यात जाड आवाजाचा, ज्याने वरातीतल्या लोकांच्या पोटात गुरगुरतं तो. दिवसा दिनकर मार्केट यार्डात डाळिंबाची प्रतवारी करायचा आणि उरलेला वेळ माझी खेचायचा. "गुरुजी, तुझं क्लॅरिनेट म्हंजी नवरीचा शालू. समद्यांच्या डोळ्यात भरतो. माझा बास म्हंजी मांडवाचा खांब. त्याच्याकडं कोण बघतंय? पर एकदा काढून तर बघ!" नोटा ओवाळून माझ्या टोपीत खोचल्या जायच्या, त्याच्याकडे कुणी फिरकायचं नाही, आणि त्याचं त्याला कधी काही वाटलं नाही. भीमजयंतीच्या मिरवणुकीत मात्र त्याचा नूर वेगळा असायचा. पांढराशुभ्र सदरा, निळी टोपी, आणि बास असा लावायचा की रस्त्याकडेच्या दुकानांची शटरं थरथरायची. तेव्हा मला माझं क्लॅरिनेट पिपाणीसारखं वाटायचं. हे मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आयुष्यभर ऐकवलं असतं.

मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात त्याचा आवाज पातळ झाला. पहिल्यांदा मला वाटलं, बारामतीचे रस्ते रुंद झाले, पुढे डीजे, मागे डीजे, त्यात बास कुठं ऐकू येणार? पण नंतर एका वरातीत आम्ही गल्लीत होतो, डीजे नव्हता, काही नव्हतं, तरी खालचा सूर येईना. आला तरी मध्येच तुटायचा. आबांनी टेम्पोवर कीबोर्ड चढवला होताच. त्यातलं एक बटण दाबलं की बासासारखा आवाज निघतो. लग्न उरकून जेवायला बसल्यावर आबा म्हणाले, "दिनकरराव, तुळशीच्या लग्नापास्नं तुमी खुळखुळा धरा." त्यांनी 'राव' लावला तिथंच मी हातातला घास ताटात ठेवला. बँडमध्ये खुळखुळा कुणाला देतात ते सगळ्यांना ठाऊक असतं. ज्याचे दात गेले, दम गेला, पण ज्याला घरी बसवायला मालकाचं मन होत नाही, त्याला. दिनकरने शांतपणे हात धुतले आणि म्हणाला, "आबा, दम गेला न्हाय. नळी गेली." "म्हंजी?" "बाजाची नळी गेली. झिजली. मला तुळशीच्या लग्नापतूर टाइम द्या. तवर आवाज न्हाय काढला, तर खुळखुळा काय, टाळ्या वाजवीन." आबांनी मान डोलावली. त्यांनाही माणूस गमवायचा नव्हता, पण धंदाही गमवायचा नव्हता.

दिनकरची पैज ती एवढीच. बास राहतो की खुळखुळा येतो.

बारामतीत शब्बीरभाई म्हणून एक रेडिएटर दुरुस्त करणारे आहेत. त्यांच्या दुकानात मागच्या बाजूला मोडक्या बाजांचा ढीग पडलेला असतो, बंद पडलेल्या बँडांचा. दिनकरने मला तिथं नेलं. त्याचं म्हणणं असं, की ट्रॉम्बोनचा खरा जीव भोंग्यात नसतो, तोंडाशी असतो. आपण ओठ लावतो त्या माउथपीसच्या मागे, स्लाइडच्या आत, एक वीतभर नळी डाखून बसवलेली असते. तिला लीडपाइप म्हणतात. दिनकर तिला नरडं म्हणायचा. नरडं बदललं की आवाज बदलतो. शब्बीरभाईंनी बत्तीने डाख वितळवला, जुनी नळी पक्कडीने ओढून काढली आणि ढिगातल्या दुसऱ्या बाजाची बसवून दिली. दिनकरने तिथंच दुकानात फुंकून पाहिलं. म्हणाला, "ह्या पत्र्याच्या शेडात कुत्रं भुकलं तरी बास वाटतंय. लांबनं आईकलं पायजे. गुरुजी, तुजे कान मला दे." वाजवणाऱ्याला स्वतःचा बास पुढे कसा पोचतो ते कळत नाही. त्याच्या कानात त्याचाच घुमारा असतो. म्हणून ऐकणारा लांब उभा करावा लागतो. त्या पावसाळ्यापासून तो उभा राहणारा मी झालो.

आणि पहिल्या झटक्यालाच आम्ही दोघं तोंडावर पडलो. भाद्रपदात उजनी धरणाचं पाणी डाळजपर्यंत पसरलेलं होतं. आम्ही म्हटलं, मोकळी जागा, कुणाचा त्रास नाही. तो पाण्याच्या एका अंगाला, मी वळसा घालून दुसऱ्या अंगाला, हातात पंचा. आवाज चांगला आला की पंचा वर. त्याने सूर लावला आणि काय सांगू... पाण्यावरून तो आवाज असा भरून आला, की काठावरचे बगळे उठले. मी पंचा गरगर फिरवला. तो तिकडे नाचायला लागला. आम्ही भिगवणला जाऊन मासे खाल्ले आणि एकमेकांची पाठ थोपटली. विसर्जनाच्या मिरवणुकीत बारामतीत उभे राहिलो तर बास गायब! नुसतं फुसफुस. आबांनी कीबोर्डवाल्याला खूण केली. दिनकरचं तोंड तेव्हा जे झालं ते मला आजही बघवत नाही. परतीच्या टेम्पोत तो एकच वाक्य बोलला, "पाण्यानं फशिवलं, गुरुजी." खरंच होतं. पाण्यावरून कुणाचाही आवाज जातो, धुणं आपटल्याचासुद्धा. वरात म्हणजे काय पाणी असतं? वरात म्हणजे माणसं, कपडे, फेटे, अंगाला अंग. आवाज गिळणारी गर्दी.

मग त्याच्याच डोक्यात आलं. माझं शेळगावला थोडं रान आहे आणि त्यात तेव्हा ऊस उभा होता, माणसाच्या वर गेलेला. म्हणाला, "उसातनं जो आवाज पलीकडं जाईल, त्योच वरातीतनं जाईल." तो उसाच्या अलीकडे, मी पलीकडे. आता पंचा दिसणार कसा? तेव्हा मिस्ड कॉलवर भागवलं. नाही आवडलं तर एक, आवडलं तर दोन. शनिवार-रविवार हाच उद्योग. बारामतीहून नवी नळी डाखून आणायची, शेळगावात फुंकायची, मी एक मिस्ड कॉल द्यायचा, की चालले परत. शेजारच्या रानातल्या सखूआक्का एकदा खुरपं घेऊन धावत आल्या. "गुरुजी, म्हस अडलीया जणू कुणाची! डाक्टरला फोन लावा की!" मी म्हटलं, "आक्का, म्हैस नाही, दिनकर आहे." त्या खुरपं उसाकडे रोखून म्हणाल्या, "मंग तर लवकर लावा." हे दिनकरला सांगितलं तेव्हा तो बांधावर बसून डोळ्यांतून पाणी येईतो हसला. हसता हसता खोकला लागला, मग पाणी प्यायला, मग पुन्हा हसला. मला ते दिवस फार आवडायचे, आता सांगायला काय हरकत आहे? बायको म्हणायची, साठीला आलात आणि रानात भोंगे वाजवताय, लोक काय म्हणतील? लोक काय म्हणायचे ते म्हणोत. इतकं सुख मला निवृत्तीच्या सत्कारातही मिळालं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. तो प्रत्येक वेळी आधीपेक्षा बारीक नळी आणायचा. पुढे तर स्लाइडच बदलली. बासाची रुंद स्लाइड काढली आणि ढिगातल्या एका लहान ट्रॉम्बोनची बारीक, हलकी स्लाइड घेतली. ती बसेना, तेव्हा शब्बीरभाईंकडून पितळी कडं घडवून घेतलं. मी म्हटलं, "अरे, बासाला रुंद नळी पाहिजे असं तूच सांगायचास. आता उलटं चाललंय. उद्या सुईचं भोक आणशील." त्याने माझ्या उसाच्या सरीतली ठिबकची नळी पायाने दाखवली. "ह्यो ऊस तू पाटानं भिजवायचास तवा काय व्हायचं? निम्मं पाणी वाया. आता थेंब थेंब जातंय, पर मुळाशी जातंय का न्हाय?" मास्तर मी आणि धडा त्याचा. कारखान्याची तोड जवळ आली होती. ऊस गेला असता तर आमची प्रयोगशाळाच गेली असती. आणि तोडीच्या टोळ्या गावात यायला लागल्या तेव्हाच एका सकाळी तो सूर आला. मोठा नव्हता. पण उसाच्या पानापानांतून वाट काढत, न तुटता, माझ्या छातीपर्यंत आला. मी दोनदा मिस्ड कॉल दिला. मग राहवेना म्हणून तिसऱ्यांदा दिला. त्याने फोन उचललाच. "आरं, दोनच ठरलं हुतं न्हवं?"

तुळशीच्या लग्नानंतरची पहिली वरात इंदापुरातलीच. आबा टेम्पोच्या बाजूला उभे. दुसऱ्या गाण्याला दिनकरने बास लावला आणि माझ्या पाठीत तो ओळखीचा धक्का बसला. आबांनी काही शाबासकी वगैरे दिली नाही, तो त्यांचा स्वभावच नाही. त्यांनी फक्त कीबोर्डवाल्याला म्हटलं, "त्ये बासाचं बटण सोड. माणूस हाय आपल्याकडं." दिनकरने ते ऐकलं. पूर्ण लग्नसराई तो वाजवत राहिला. गाण्यांच्या मध्ये टेम्पोच्या फळीवर टेकायचा, पाणी प्यायचा, आणि खेटून उभ्या असलेल्या खुळखुळेवाल्या तात्यांना डोळा मारायचा. भीमजयंतीलाही वाजवलं. वैशाख संपत आला आणि तो गेला.

पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले. त्यानंतर आबा मला घेऊन दिनकरच्या घरी गेले. बरोबर संतोष होता, बारामतीचा, तिशीतला, आबांनी बासावर नवा धरलेला. पैलवान गडी, छाती रांजणाएवढी. दिनकरच्या बायकोने, शालनवहिनींनीच निरोप धाडला होता, की बाजा घरात मुका ठेवायला नको. त्यांनी तो पुसून खाटेवर ठेवला होता. संतोषने नमस्कार करून उचलला, ओठ लावले आणि फुंकला. फर्रर्र करून आवाज फाटला. पुन्हा फुंकला, मानेच्या शिरा फुगल्या, बाजा अडला. "फडकं अडाकलंय वाटतं," म्हणून त्याने स्लाइड काढून उजेडाकडे धरली. नळी लख्ख होती. तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "गुरुजी, ह्यात हवा जातच न्हाय. माजा निम्मा दम माज्याच तोंडात माघारी येतोय. ज्याच्यापाशी दमच न्हाय, त्यानं वाजवावा असा केलाय ह्यो बाजा." मग आबा म्हणाले, "असूं दे. शब्बीरभाईकडं टाकू. जुनी रुंद नळी बशिवत्याल."

मी म्हटलं, "आण इकडे." मी काही बास वाजवणारा नाही. बँकेच्या जिन्यावर मध्ये थांबून भिंतीला हात टेकणारा माणूस मी. ओठ लावले आणि गरम चहावर फुंकावं तेवढंच फुंकलो... आणि तो सूर आला. खालचा, भरलेला, अखंड. मांडणीतली भांडी किणकिणली. शालनवहिनींनी पदर तोंडाला लावला.

आबा बरोबर होते. दम गेला होता, आणि ते पहिल्या दिवसापासून दिनकरला माहीत होतं. मी उसापलीकडे नळीची परीक्षा घेत होतो आणि हा अलीकडे उरलेल्या श्वासाला पुरेल असा बाजा शोधत होता. मी भरल्या घरात ओरडलो, "अरे लेका, मला तरी सांगायचंस!" शालनवहिनी म्हणाल्या, "मला तरी कुठं सांगितलं, भाऊजी?"

संतोषने बाजा घ्यायला हात पुढे केला. मी म्हटलं, थांब जरा. आणि पुन्हा एकदा तेवढंच फुंकलो, त्याच्याकडे नेमका किती दम उरला असेल ते कळावं म्हणून. फार नव्हता हो... तेवढ्यावर त्याने अख्खी लग्नसराई वाजवली होती.