कोचबाईंची रांग

दिनांक : पौषातला एक सोमवार. वेळ : सकाळची, चिठ्ठीची खिडकी उघडायच्या आधीची. स्थळ : भंडाऱ्यातला एक सरकारी दवाखाना, मनाच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेरचा व्हरांडा. हजर : मंदाताई (पितळी भांड्यांचं दुकान), शेंडे मॅडम (शाळा), बँकेतल्या दोघी (एकीचं नाव घेतलं की दुसरी ओ देते), प्रमिला (राइस मिलवाल्यांची सून), मी (यादी ठेवणारी) आणि कोचबाई. गणवेश : पोपटी टी-शर्ट, पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘मी आनंदी आहे’. पेशंट : एक. कोण, ते कोणालाही सांगायचं नाही, असं सर्वानुमते ठरलं होतं.

आता सांगायला हरकत नाही, कारण प्रमिलाने स्वतःच ते सगळ्या बाजाराला सांगून टाकलं आहे. पण हे टिपण प्रमिलावर नाही. आम्हाला त्या रांगेत उभं करणाऱ्या कोचबाईंवर आहे.

मंदाताईंच्या दुकानावरच्या मजल्यावर आमची जिम. सकाळची बॅच बायकांची. कोचबाई मूळ आसगावच्या, एके काळी कबड्डी खेळलेल्या. उंच, सावळ्या, आवाज बांधावरून बांधावर जाईल असा. जिमच्या मालकांनी त्यांच्या नावापुढे पाटीवर ‘वेलनेस कन्सल्टंट’ असं रंगवून घेतलं होतं. ते कोणाच्या तोंडात बसलं नाही. त्यांची खरी ओळख एका सवयीने होती. दोन्ही हातांत डंबेल घेऊन आम्ही हात आडवे ताणून उभ्या राहिलो, की त्या समोर येऊन उभ्या राहत आणि घरचं विचारत. हात खाली असताना कधीच नाही.

“मंदाताई, सुनेशी बोलणं चालू झालं का जी?”

“झालं ना... मस्त... चालू आहे...”

“हात खाली जाऊन राहिले. खरं सांगा.”

“नाही बोलत वो... आठ दिस झाले... ठेवू का आता?”

“ठेवा.”

त्यांचं म्हणणं असं, की हातात वजन असलं का माणूस खोटं नाही बोलत, दम नाही पुरत. खुर्चीवर बसलेल्या बाईला विचारलं तर ती म्हणते सगळं ठीक आहे आणि वरून चहाही विचारते. या पद्धतीने आमच्या बॅचमध्ये वर्षभरात कोणाचंही काहीही झाकलेलं राहिलं नाही. दंडाला आकार किती आला हा वादाचा मुद्दा आहे. पण बँकेतल्या थोरलीला बदली का हवी होती, हे सगळ्यांना पाठ होतं. मी मात्र घरून उत्तरं तयार करून जात असे. बँकेतल्या दोघी त्याला कॉपी म्हणत.

दुसरी सवय मोजण्याची. कोचबाईंचे आकडे नऊपर्यंत व्यवस्थित चालत. नऊला पोचल्या की त्यांना कोणाचा तरी चेहरा दिसे, त्या चौकशीला लागत, आणि परत येत त्या सातवर. मी दोनदा लेखी सूचना दिली. त्यांनी ती वाचली, घडी करून पंख्याच्या रेग्युलेटरखाली अडकवली आणि म्हणाल्या, “ताई, तुमच्या ऑफिसात दहा होत असतीन. इथं माणूस होईपर्यंत.”

याच सुमारास मालकांना मानसिक आरोग्याची बातमी लागली. नागपूरच्या कुठल्याशा जिमने ते सुरू केलं होतं. मग आमच्याकडेही मोहीम झाली. पोपटी टी-शर्ट त्या मोहिमेतले. जिन्यापाशी एक फळा लागला. आल्या आल्या त्यावर आपल्या नावापुढे हसरा, मध्यम किंवा रडका चेहरा चिकटवायचा. जिना दुकानातूनच जातो, त्यामुळे पाण्याचा पितळी गुंड घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही फळा वाचे. साहजिकच सगळ्यांपुढे हसरे चेहरे. शेंडे मॅडमनी एका सकाळी डोळे सुजलेले असताना दोन हसरे लावले. महिन्याच्या शेवटी मालकांनी फळ्याचा फोटो काढून बॅच शंभर टक्के आनंदी असल्याचं जाहीर केलं. रडक्या चेहऱ्यांचं पाकीट तसंच न फोडलेलं राहिलं. शेवटी कोचबाईंनीच ते फोडून चार चेहरे व्यायामाच्या तुटक्या सायकलीवर चिकटवले.

त्यांना या मोहिमेची गरज वाटत नव्हती, कारण त्यांच्याकडे स्वतःचं एकच औषध होतं. “घामात सगळं निघते.” नवऱ्याचा राग, सासूचे टोमणे, पोराचे मार्क, रजा नाकारणारा साहेब, सगळ्यांवर घाम. आणि बऱ्यापैकी निघतही असे. मंदाताई सुनेशी बोलायला लागल्या त्या घामानेच, असं त्या मानतात. सून म्हणते, सासू दमून आली की भांडायला उरत नाही. दोन्ही बाजूंनी औषध लागू पडलं.

प्रमिलावर ते चाललं नाही. तिला तिच्या नवऱ्याने आणून सोडलं होतं. “दिवसभर पडून राहते, काही करत नाही, सुस्ती आली तिले,” एवढं सांगून तो मिलवर गेला. कोचबाईंनी सुस्ती म्हणजे सुस्ती असं धरलं आणि तिला आमच्या दुप्पट व्यायाम लावला. प्रमिला करायची. तक्रार नाही, हूं नाही की चूं नाही. आम्ही तिचं उदाहरण एकमेकींना देत होतो. ती वाळत चालली होती, तर मंदाताई म्हणाल्या, “हिलेच लागून राहिला पहा व्यायाम.”

एका सकाळी हात ताणून उभं राहण्याचा प्रकार चालू होता. एकेक करून आमचे सगळ्यांचे डंबेल खाली गेले. प्रमिलाचे गेले नाहीत. ती तशीच उभी, खिडकीकडे बघत. कोचबाई समोर गेल्या. “झोप लागते का वो तुले?”

प्रमिलाचा श्वास लागलेला नव्हता. बाजारभाव सांगावा तशी ती म्हणाली, “पहाटे लागते कधी. मंग जाग येते तं वाटते, काहून उठली मी. नसती उठली तं बरं.”

बँकेतली धाकटी हसणार होती, तिने तोंड मिटलं. कोचबाईंनी प्रमिलाच्या हातातले डंबेल एकेक करून काढून घेतले. तिला चटईवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. त्या दिवशी पुढचा व्यायाम झाला नाही.

“चुकलं माझं,” त्या नंतर आम्हाला म्हणाल्या. “हातात वजन आहे हेच हिले समजून नाही राहिलं. हे घामात निघणारं नाही. डॉक्टरचं काम आहे.”

“मंग सांगा तिच्या नवऱ्याले,” मंदाताई म्हणाल्या.

“सांगीन. पण आधी नेतो तिले. औषध द्याचं मले येत नाही, दवाखान्याच्या दारापर्यंत चालवत न्याचं येते.”

घोडं अडलं ते निघायच्या आधीच. प्रमिला म्हणाली, “मी नाही जात तिथं. चिठ्ठीच्या खिडकीवर माझ्या जावेचा भाऊ बसते. मी घरी पोचाच्या आधी बातमी पोचीन. ‘प्रमिला पागल झाली’ म्हणतीन. पोरगी आहे मले, उद्या तिचं लग्न कोण करीन?” तिची पोरगी तेव्हा बालवाडीत होती. पण भंडाऱ्यात हा हिशेब लवकरच सुरू होतो, आणि तो चूक आहे असं आमच्यापैकी कोणाला म्हणता आलं नाही.

कोचबाईंनी थोडा विचार केला. “एकटी गेली तं पागल म्हणतीन. सात जणी गेलो तं काय म्हणतीन?”

“सात पागल,” शेंडे मॅडम म्हणाल्या.

“सात जणींले पागल म्हणाले वेळ लागते जी. तोवर हिचं काम होते.”

इथून पुढचं नियोजन माझ्याकडे आलं. रिक्षा दोन. गणवेश तोच पोपटी, म्हणजे लांबून सगळ्या एक दिसतील. चिठ्ठी प्रत्येकीने आपापल्या नावाने काढायची, आत प्रत्येकीने जायचं. शेंडे मॅडमना आधी एक बॅनर हवं होतं, ‘सामाजिक उपक्रम’ असं लिहिलेलं. ते नामंजूर झालं. मंदाताईंना दुकानाची काळजी. “मले तिथं पाहिलं तं पितळ घेईन का कोणी माझ्याकडून?” कोचबाई म्हणाल्या, “पागल बाई भाव कमी लावते म्हणून जास्त येतीन.” मंदाताई यायला तयार झाल्या, भाव कमी करणार नाही असं बजावून.

खिडकीवर जावेचा भाऊच होता. त्याने पोपटी रांग पाहिली, पाठीवरची अक्षरं वाचली.

“कोणाले दाखवाचं आहे?”

“सगळ्याईले,” कोचबाई म्हणाल्या.

“सगळ्या आनंदी आहेत म्हणून लिहिलं आहे ना जी.”

“तेच तं दाखवाचं आहे. काहून एवढ्या आनंदी आहोत ते.”

त्याने मान खाली घालून सात चिठ्ठ्या फाडून दिल्या. प्रमिलाची चिठ्ठी कितवी होती ते त्याला आजही सांगता यायचं नाही.

बँकेतल्या दोघी आधी गेल्या, लगेच बाहेर आल्या. मग प्रमिला गेली. दार लागलं. मंदाताई आपल्या बांगड्या मागेपुढे करत राहिल्या. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली, रडलेली होती, हातात कागद होता. कोचबाईंनी कागद पाहिला नाही, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “पुढं कधी बोलावलं?” एवढंच विचारलं. “सोमवारी,” प्रमिला म्हणाली. “नवऱ्याले घेऊन या म्हणाले.” “मी सांगतो त्याले,” कोचबाई म्हणाल्या, आणि त्या आवाजापुढे नवऱ्याचं काही चालणार नाही हे आम्हाला तिथेच कळलं.

आमचं काम झालं होतं. निघता आलं असतं. पण मंदाताई उठल्या. “चिठ्ठी काढली आहे तं जाऊन येते, वाया काहून घालवा.” नाटकापुरतं म्हणून गेलेल्या मंदाताई बराच वेळ आत राहिल्या. बाहेर येऊन पदर सापडेना म्हणून टी-शर्टच्या बाहीने डोळे पुसले आणि म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई चांगली आहे. ऐकते.” मग शेंडे मॅडम गेल्या. मग मी. मी काही उत्तरं तयार करून नेली होती. ती पहिल्याच प्रश्नाला संपली. पुढचं या टिपणाच्या कक्षेत येत नाही.

शेवटची चिठ्ठी कोचबाईंची. त्यांनी ती ट्रॅकपँटच्या खिशात घातली. “माझं काय आहे जी, मी तं आणणारी.” तेवढ्यात डॉक्टरांची वेळ संपली.

गोळ्या आणि बोलणं यांनी प्रमिला सावकाश सावरली. नवरा चार सोमवार सोबत गेला. नंतर त्याने जिमच्या दारात सोडताना सुस्ती हा शब्द वापरला नाही. आम्हाला सुधारणा कळली ती वेगळ्याच रीतीने. एके दिवशी हात ताणून उभ्या असताना सगळ्यांच्या आधी प्रमिलाने डंबेल दाणकन खाली टाकले. “हात तुटून राहिले माझे. तुमच्या आंगात दयामाया आहे का नाही? आठ झाले, नऊ झाले, अन् पुन्हा सात?” कोचबाई कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिल्या. “आली,” त्या म्हणाल्या. “आली लाइनीवर.” आणि भिंतीकडे तोंड करून रेग्युलेटरखालची माझी सूचना नीट करू लागल्या.

पुढच्या पावसाळ्याआधी मालकांनी नवे ट्रेनर आणले. त्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे आणि एक ॲप. ते रोज सकाळी फोनवर ‘आज तुम्हाला कसं वाटतंय?’ असं विचारतं, आणि उत्तर द्यायच्या आधीच पाण्याची आठवण करून देतं. कोचबाई आसगावला परत गेल्या. भावाच्या धानात हात लागेल, शाळेच्या पोरींना कबड्डी शिकवीन, म्हणाल्या. त्या भंडाऱ्यात एकट्या खोली करून राहत. आम्ही पोचायच्या खूप आधी जिममध्ये येऊन बसलेल्या असत, आणि ‘मले झोप कमीच लागते’ हे मोठ्या कौतुकाने सांगत. आमच्या बॅचला सगळ्यांचं सगळं माहीत होतं. कोचबाईंचं आम्हाला एवढंच माहीत होतं.

एसटी स्टँडवर सोडायला आम्ही सगळ्या गेलो. आसगावकडे जाणारी पवनीची गाडी लागली. कोचबाईंच्या दोन्ही हातांत भरलेल्या जड पिशव्या. त्यांचं पाऊल पायरीवर होतं तेव्हा प्रमिला पुढे झाली.

“कोचबाई, तुमाले झोप लागते का जी?”

कोचबाई थांबल्या. पायरीवरून उतरल्या. दोन्ही पिशव्या खाली ठेवल्या, हात मोकळे केले, मग म्हणाल्या, “लागते ना. मस्त लागते.”

गाडी गेली. परतताना प्रमिला म्हणाली, “आधी पिशव्या ठेवल्या त्याईनं.”

त्याच संध्याकाळी मी काम लिहून ठेवलं : आसगाव. सगळ्यांनी. पोपटी टी-शर्टमध्ये. कोचबाईंना घेऊन सोमवारी रांगेत. मग धानाची रोवणी लागली, शेंडे मॅडमच्या परीक्षा आल्या, मंदाताईंच्या दुकानात लगीनसराई. प्रमिला दर आठवड्याला विचारते, “ताई, कधी जाऊन राहिलो?” टी-शर्ट धुऊन घड्या करून ठेवलेले आहेत. कामापुढे अजून खूण झालेली नाही.